रेषेच्या किंचित अलीकडे

तीनशे चाळीस युरो.
हातमोज्यात ठेवलेले, म्हणून जरासे दमट.
पहाटे चारला उठून ताम्पेरेच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलायचा,
त्या जादा तासांचे, सगळा डिसेंबर आणि अर्धा जानेवारी.
पिर्कोने विचारलं, वॉशिंग मशीनचं काय?
मी म्हटलं, अजून फिरतंय की.
फिरतंय कसलं, चालत दारापर्यंत येतं, ती म्हणाली,
पण हसली.
तेवढं हसू मी होकार म्हणून खिशात टाकलं.

ओस्मोच्या दुकानात सहा तारांच्या बास गिटारसाठी गेलो होतो.
खोटं कशाला बोलू, हाव होती:
खाली एक तार जास्त, वर एक,
घराला तळघर आणि माळा एकदमच.
नवी कोरी, तीनशे वीसला.
मान एवढी रुंद की अंगठा मागच्या मागे हरवला.
सगळ्यात जाड तार छेडली,
तर खर्ज कुठला, ओल्या दोरखंडाची फडफड.
ओस्मो कॉफी ढवळत राहिला.
मग म्हणाला, एवढ्या पैशांत तारा सहा मिळतात.
सूर चारांचेच येतात.

ती परत टांगताना दिसली दुसरी,
कोपऱ्यात, हीटरपासून लांब,
उकळून उकळून काळवंडलेल्या कॉफीच्या रंगाची.
पडदे कुणीतरी पकडीने उपटलेले,
खाचांत बर्चच्या पातळ चिपा बसवून घासलेल्या.
पडदे गेले, रेषा राहिल्या,
टाके काढल्यावर गुडघ्यावर राहतात तशा.

इर्याची, ओस्मो म्हणाला.
एकतीस वर्षं टँगो वाजवला तिने तळ्याकाठच्या नाचघरात.
आता बोटं थरथरतात.
दोनशे सत्तर. तारा वेगळ्या घे, गुळगुळीत,
नाहीतर लाकूड खातील. त्या पंचेचाळीसला.
पेटी नाही.

अंथरूण तोकडं होतं,
पाय आधीच बाहेर.

पडदे असले की बोट थोडं इकडेतिकडे चालतं,
सूर आपला जागच्या जागी.
इथे बोट जिथे, सूर तिथे,
चुकलात तर साऱ्या खोलीला कळणार.
भीती वाटायला हवी होती.
पण बर्फात रस्त्याच्या रेषा मला तरी कुठे दिसतात?
कडेला काठ्या असतात, दूर दूर रोवलेल्या,
मधलं सगळं बुडाखाली कळतं.

ओस्मोने ती घोंगडीत गुंडाळून दिली.
बसमध्ये एका पोराने विचारलं, आत काय, मासा?
हो, म्हटलं. अजून जिवंत आहे.

रात्री दुसऱ्या तारेवर
बोटाला एका जागी लाकूड खोलगट लागलं,
रेषेच्या किंचित अलीकडे.
ट्यूनरचा दिवा लाल: सूर उतरलाय.
रेषेवर नेलं, हिरवा.
पुन्हा खळग्यात, लाल.
एकतीस वर्षं ही बाई बेसूर वाजवत होती?

ओस्मोला झोपेतून उठवलं.
अकॉर्डियन, तो म्हणाला, कालेर्वोचं.
त्याची एक पट्टी उतरलेली, दुरुस्तीला पैसे नव्हते.
लोक हसायचे त्याला.
इर्या तेवढ्या एका सुरापुरती
त्याच्या शेजारी जाऊन बसायची.
आणि फोन ठेवून दिला.

न्हाणीघरात मशीन चालायला लागलं होतं,
पिर्को त्याला गुडघा लावून उभी.
मी ट्यूनर बंद केला.
त्या घरघरीच्या तळाशी काहीतरी एक होतं,
बोट खाली, वर, पुन्हा जरासं वर,
रेषा ओलांडून
अगदी नखभर पलीकडे.

हां, पिर्को आतून म्हणाली,
तिथेच थांब.